शेवंती बसून बघते

"आम्ही चौघं, आणि आई-बाबा कधीकधी," दिपेश म्हणाला, आणि शोरूमच्या त्या थंडगार, आरशासारख्या फरशीवर उभ्या असलेल्या शेवंतीच्या मनाचा पाय सर्रकन घसरला. विचारणाऱ्या मुलीने अगदी साधं विचारलं होतं. घरात मेंबर किती, सर? गाडी घ्यायची म्हणजे हे विचारणारच. तिचं नाव दिपिका, काळा कोट, उंची अशी की गाड्यांच्या टपांवरून तिला पलीकडचं दिसावं. आणि दिपेश काही खोटं बोलला नव्हता. तो, बायको मेघाली, दोन पोरं. पोरं आत्ता डोंबिवलीत क्लासला होती, नाहीतर त्यांनीच गाडी पसंत करून टाकली असती. राहता राहिले त्याचे आई-बाप, दामाजी आणि शेवंती, आणि ती दोघं खरोखरच कधीकधी. दोन वर्षं झाली, कुठे निघायचं म्हटलं की शेवंती गुडघ्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, "जा तुमी, मना नय झेपत." मग आता पोराने तेच हिशेबात धरलं तर राग कुणावर काढायचा? तरी तो 'कधीकधी' शब्द तिच्या कानात बसला, ओल्या साडीच्या काठाला वाळू चिकटते तसा. झटकला तरी थोडा राहिलाच.

खरं म्हणजे गुडघे हे निमित्त होतं, आणि हे डोंबिवलीशेजारच्या त्यांच्या साऱ्या मानपाड्यात एकट्या शेवंतीला ठाऊक होतं. ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवल्यांची गाणी म्हणायची, देवांना नावानिशी आवतण धाडायचं, एकेकाला पाट मांडून बसवायचं, हे तिचं काम. सासूने शिकवलं, आणि सासू गेल्यावर गावाने तिच्याकडे दिलं. आसपासच्या पाड्यांत अशी पोर नव्हती की जिच्या मांडवात शेवंतीने गावदेवीला पाटावर बसवलं नाही. आणि शेवटच्या लग्नात, मोठ्या पटांगणातल्या मोठ्या मांडवात, पहिल्याच ओळीला तिचा श्वास तुटला. मध्येच. तळ्यात घागर बुडावी तसा आवाज आत गेला आणि वर आलाच नाही. डीजेवाल्या पोराला वाटलं, म्हातारीचं झालं. त्याने लगेच बटण दाबलं आणि मांडव थरथरायला लागला. कुणाला काही कळलं नाही. नवरदेवाच्या काकाने उलट तिच्यासमोर नाचून दाखवलं. ती घरी आली आणि गुडघ्यांना तेल लावत बसली. तेव्हापासून तिला एकच भीती होती, आणि ती भीती तिने दामाजीलाही सांगितली नव्हती. श्वास गेला. आणि आता पुढच्या आठवड्यात कल्याणला भावाच्या, काळुरामच्या नातीचं लग्न. काळुराम फोनवर म्हणालेला, "शेवंते, तू नय आलीस त माजा मांडव मुका." तिने म्हटलं, बघू, पाय कसा म्हनतो. मग रात्री पडल्या पडल्या तिने स्वतःलाच एक आशा दिली. त्या शेवटच्या लग्नाला रिक्षात तिघींच्या मध्ये दाबून गेले होते, गुडघे पोटात, पोटात वारा मावला नव्हता. बसायला नीट जागा मिळाली असती तर श्वास पुरला असता. कदाचित. म्हणूनच आज, "आई, येतेस का गाडी बघायला ठाण्याला?" असं दिपेशने उगाच तोंडदेखलं विचारल्यावर ती पदर खोचून सगळ्यांच्या आधी दारात उभी राहिली होती.

पहिली गाडी धाकटी. दिपेशने तिच्याकडे असं बघितलं जसं सांगून आलेल्या मुलीकडे नाइलाजाने बघावं. पण मेघालीचे डोळे लकाकले. गाडी चालवणार ती, एमआयडीसीतल्या ऑफिसला रोज नेणार ती. "ही आपल्या पार्किंगमध्ये मावते," ती म्हणाली. शेवंतीने दाराशी चपला काढल्या. दिपिका गोंधळली. "काकू, राहू दे ना, चपला घालूनच बसा."

"नवी हाय बाय. लोकांच्या घरात चपला घालून कोन शिरतं?"

ती डोकं आधी घालून आत शिरली, टेम्पोत शिरतात तशी, आणि टपाला कपाळ टेकवून हसली. मागच्या सीटवर एका अंगाला दामाजी, दुसऱ्या अंगाला मेघाली, मधे ती. पायाखाली जमिनीला उंचवटा, म्हणून गुडघे वर. पाठ मऊ होती, फार मऊ, केळीच्या पानावर भात सांडावा तशी ती त्यात पसरली. दिपिका बाहेरून सांगत होती, सेगमेंटमध्ये बेस्ट आहे, थाय सपोर्ट बघा, हेडरूम बघा. दामाजी टपावर टकटक करून हेडरूम बघत होता. शेवंतीने ओठ न हलवता, आतल्या आत ओळ धरली. पयला आवतान धाडू गावदेवी माये गो... आणि तिथेच. श्वास संपला. जणू पुढे भिंत होती. जागा नाय, तिने स्वतःला समजावलं, पोट दाबलंय. आणि तिला बरंच वाटलं. गाडीचा दोष आपल्याला इतका सुखाचा वाटेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

बसणं या गोष्टीचा विचार तिने आयुष्यात कधी केला नव्हता, आणि आता या मऊ पाठीवर रेलल्यावर सगळ्या बसण्या एकदम आठवायला लागल्या. बापाच्या मिठागरात बांधावर उकिडवं बसायचं, टाचांवर, खाली मीठ चुरचुरायचं आणि वरून ऊन. पण पाठ मोकळी, वारा आरपार. सासरी चुलीपुढे पाट, त्याचा एक पाय आखूड, म्हणून सवयीने डावीकडे झुकायचं. अजूनही फोटोत ती डावीकडे झुकलेलीच येते. आणि लग्नांना जाताना टेम्पो. मिठाच्या रिकाम्या गोण्या अंथरलेल्या, टेकायला काहीच नाही, रस्ता म्हणजे नुसते खड्डे, आणि त्या दोघी, शेवंती आणि सखुबाई, पाठीला पाठ लावून बसलेल्या. सखुबाई तिची जोडीदारीण. हिने ओळ उचलायची, तिने झेलायची. टेम्पो उडाला की दोघींच्या पाठी एकमेकींवर आपटायच्या आणि सखुबाई म्हणायची, "हाडं हायत का भांडी गो तुजी?" त्या पाठीइतकी चांगली पाठ शेवंतीला पुन्हा कुठे मिळाली नाही. लेदरची नाही, फोमची नाही. घामाने ओली असायची, पण ती पुढे झुकली की ही मागे, ही झुकली की ती सावरून घ्यायची. सखुबाई गेली त्याला दोन पावसाळे झाले. त्या दिवशी तिच्या अंगणात शेवंती बसलेली असताना कुणीतरी म्हणालं होतं, आता शेवंती एकटी पडली. शेवंतीने ते ऐकलं, मान हलवली आणि विसरून गेली.

"आई, आता ही बघ! ही गाडी म्हणतात!" दिपेशचा आवाज आला. दुसरी गाडी मोठी, पांढरी, मांडवाच्या कमानीसारखी. दिपेश तिच्या नाकाशी उभा होता आणि त्याची छाती आपोआप पुढे आली होती. बिल्डरला जमीन दिल्यापासून गावातल्या प्रत्येक दारात अशी एक उभी होती, आणि दिपेश अजून बापाच्या जुन्या टेम्पोतून वाळूच्या साइटवर जायचा.

"आपल्या पार्किंगमध्ये घालायची तर मधला खांब काढायला लागेल," मेघाली म्हणाली.

"खांबावर बिल्डिंग आहे, मेघाली."

"तेच म्हणतेय मी."

"अगं पण सात जण आरामात! आई-बाबांना मागे अख्खी रांग." त्याने मधली सीट खटकन पाडली. मागे एक बोळ दिसला. "जा आई."

शेवंतीने पुन्हा चपला काढल्या. पायरी कमरेइतकी उंच. दामाजीने मागून ढकललं, दिपेशने पुढून ओढलं, आणि धान्याचं पोतं माळ्यावर चढवावं तशी ती वर गेली. मग वाकून, सरपटून, पदर कशात तरी अडकवून, सोडवून, तिसऱ्या रांगेत जाऊन पडली. तिच्यामागून दामाजी. तो वयाने सत्तरीचा, पण नव्या वस्तूपुढे त्याचं वय पाच. त्याला बाजूला वाऱ्याची जाळी सापडली, मोबाइल लावायचं भोक सापडलं.

"शेवंते, ग्लास ठेवाला पन जागा हाय!"

"ग्लासाला हाय. गुडघ्याला नय."

गुडघे खरोखर हनुवटीशी आले होते. सीट जमिनीलगत, मांड्या अधांतरी, समोर मधल्या सीटची पाठ भिंतीसारखी उभी. खेकडे पकडून टोपलीत टाकतात, तेव्हा तेही असेच पाय आवळून बसतात आणि डोळे मात्र बाहेर. काचेतून तिला शोरूम दिसत होतं, दिपेशचा उजळलेला चेहरा दिसत होता, मेघाली पुढे कुठेतरी कोसावर होती. इतकी मोठी गाडी आणि तिच्यातला एवढासा कोपरा. दिपेश ओरडून विचारत होता, "आराम आहे ना, आई?" आणि त्या पोराचा आनंद बघून तिच्याने नाही म्हणवेना. "हाय रे, हाय!" ती म्हणाली. देवांना पाट मांडताना ती कधी एकाला पुढे, एकाला मागे ठेवत नसे. खाडीच्या देवाला आणि शेताच्या राखणदाराला सारखाच पाट. आता स्वतःला हा पाट मिळाल्यावर तिला हसू आलं, आणि हसताना छाती जराशी मोकळी झाली म्हणून तिने घाईने ओळ धरली. पयला आवतान धाडू गावदेवी माये गो... आणि पुन्हा तिथेच. अगदी त्याच ठिकाणी. इथे पोट दाबलेलं होतं हे खरं; पण त्या गाडीत वेगळं दाबलेलं, या गाडीत वेगळं, आणि श्वास मात्र एकाच शब्दाशी थांबला. दोन वेगळ्या रस्त्यांवर गाडी सारखीच बंद पडायला लागली तर माणूस रस्त्याला दोष देत नाही.

बाहेर काढायला तिघं लागले. मग तिसरी गाडी, मधली, टेस्ट ड्राइव्हची, दारात चालू करून ठेवलेली. दिपेश सवयीने पुढच्या दाराकडे वळला, मग बापाची आठवण होऊन थांबला. "बाबा, तुम्ही बसा पुढे." पुढची सीट पुरुषाची, टेम्पोतही तसंच होतं, केबिनमध्ये दामाजी आणि चालवणारा, बायका हौद्यात. दामाजी धोतराचा सोगा सावरत निघालाही. तेवढ्यात स्टिअरिंगवर बसलेली मेघाली म्हणाली, "आई, तुम्ही या पुढे."

दामाजीने सोगा हातातून सोडला.

"मी? मी काय करू पुढं?"

"बसा. आणि शिरू नका हं आत. पाठ करा गाडीकडे. आधी नुसतं बसा, दारात ओट्यावर बसल्यासारखं. हां. आता पाय आत."

ओट्यावर बसल्यासारखं! शेवंती बसली, पाय उचलून आत घेतले, आणि झालं. ना ढकलणं ना ओढणं. इतकी वर्षं ती वाहनांत डोकं आधी घालत होती. मेघालीने वाकून कुठलीशी कळ ओढली, आणि सीट मागे सरकली, मागे सरकली, पायांपुढे अंगण पडलं. "अजून?" "अजून नको गो, मागं तुजा नवरा हाय." मागून दिपेश म्हणाला, "माझे पाय चेपले आधीच." त्याच्याशेजारी दामाजी, मधल्या रांगेत सीटा दोनच. आणि जागा उरली ती तिसऱ्या रांगेत, तिथे दिपिका गेली. "मला सवय आहे," ती म्हणाली, आणि तिचे गुडघे कानांशी येताना सगळ्यांनी आरशात बघितले आणि भलतीकडे पाहिलं.

गाडी घोडबंदर रोडला लागली. डाव्या हाताला येऊरचे डोंगर, मधूनमधून टॉवरांच्या फटीतून दिसणारे, उजवीकडे कुठेतरी खाडी. शेवंतीला काचेतून आख्खा रस्ता दिसत होता. पुढून जग असं येतं होय, तिला वाटलं. हौद्यातून तिने आयुष्यभर ते जातानाच पाहिलं होतं. मेघाली हलक्या हाताने चालवत होती, सिग्नलला जीभ दातांत धरायची तिची सवय शेवंतीला आज पहिल्यांदा दिसली. पाठ सरळ होती. गुडघे मोकळे. पोटात वारा मावत होता. छाती भरून श्वास घेतला तर पट्टासुद्धा आडवा येत नव्हता. आता सबब उरली नव्हती. इथे तुटला तर तो सीटचा दोष नव्हे, रस्त्याचा नव्हे. मग काळुरामला फोन करून सांगायचं, नय येत. मग कधीकधीसुद्धा नाही. म्हणू नये, ती स्वतःला म्हणाली, आजचा दिवस राहू दे तसाच, आशेवर. आणि नको नको म्हणता म्हणता, छातीत इतकी जागा झाल्यावर जे होणार तेच झालं. आवाज मोठ्याने बाहेर पडला.

पयला आवतान धाडू गावदेवी माये गो...

संपला. तिथेच, त्याच शब्दाशी. काचेबाहेर एक टँकर गेला. शेवंतीने डोळे मिटून घेतले. आणि उजव्या हाताकडून, बारीक, थोडा सुराबाहेरचा, रस्त्यावरची नजर न काढता म्हटलेला आवाज आला:

चंदनाच्या पाटावरी ठेव तुजे पाये गो.

शेवंतीने डोळे उघडले. मेघाली लाजून हसत होती. "चुकलं का?"

"तुना... कुठनं येतो ह्यो?"

"पोरं दर रविवारी आमच्या लग्नाचा व्हिडिओ लावतात ना. तुम्ही आणि सखुमावशी. पाठ झालंय मला. तुम्ही भाकऱ्या थापताना नेहमी पहिलंच म्हणता आणि थांबता. मी मनात पुढचं म्हणते."

थांबता. शेवंतीला ते ऐकून आधी काहीच कळलं नाही, मग सगळं एकदम कळलं, भरती खाडीकाठच्या खाजणात शिरते तसं, चारी बाजूंनी, आवाज न करता. थांबायचंच असतं तिथे! ओळीचा अर्धा तिचा. उरलेला अर्धा तिने जन्मात कधी म्हटलाच नव्हता. तो सखुबाईचा. सासूने शिकवलं तेव्हाच असं शिकवलं होतं, हिने उचलायचा, तिने झेलायचा, आणि ती झेलत असताना हिने श्वास भरायचा. चाळीस लग्नसराया छातीने तेवढंच माप घेतलं होतं. त्या मोठ्या मांडवात श्वास तुटला नव्हता. तो आपल्या जागी येऊन नेहमीसारखा उभा राहिला होता, सखुबाईची वाट बघत. आणि ती दोन वर्षं दोघींचं जू एका मानेवर ओढू पाहत होती, आणि दोष देत होती गुडघ्यांना, रिक्षाला, आज तर बिचाऱ्या दोन गाड्यांना. तिला रडू येईल असं वाटलं. पण आलं ते हसू, आणि हसूबरोबर दुसरी ओळ.

दुसरा आवतान धाडू खाडीच्या देवाला गो...

भरतीच्या पान्यावरी बस माज्या नावेला गो, मेघालीने झेललं, आणि हॉर्न वाजवून एका रिक्षाला बाजूला केलं.

"मॅडम," तिसऱ्या रांगेतून दबका आवाज आला, "पुढच्या सिग्नलला यू-टर्न घ्या."

"नय नय नय!" दामाजी सीटवर उडाला. "आवतान चाललाय! आवतान घेऊन निघालेला मानूस माघारी फिरत नय. माजी आई सांगून गेलीय. देव वाटंत हायत, तू गाडी फिरवशील तं ते कुठं जातील?"

"सर, टेस्ट ड्राइव्हचा रूट ठरलेला असतो..."

"बाबा, डिझेल त्यांचं आहे," दिपेश म्हणाला.

"मंग त्यांना पन पुन्य लागेल. पोरी, किती देव हायत माहितीय का? सगले बसल्याबिगर गाडी वलवाची नय."

दिपिकाने मागे बसून मॅनेजरला फोन लावला. "हो सर, जरा उशीर होईल... नाही, ट्रॅफिक नाही सर... देव येतायत." मग बराच वेळ ती नुसतं ऐकत होती. शेवटी तिने फोन ठेवला आणि गुडघ्यांच्या मधून म्हणाली, "काकू, तुमच्या चपला शोरूममध्येच राहिल्यात." यावर दामाजी असा हसला की दिपेशलाही हसायला आलं. शेवंती अनवाणी पाय ऐसपैस पुढे पसरून तिसरी ओळ म्हणत होती. शेताच्या राखणदाराला बोलावलं, माळ्यावरून उतरवून अंगणात बसवलं. मग घराण्यातली माणसं, सासू, सासरा, मिठागरातला बाप, आणि कुणी सांगितलं नसताना सखुबाई. तिचं नाव आल्यावर मेघालीला पुढचं येईना, व्हिडिओत ते नव्हतंच. शेवंतीने ते अर्धंच ठेवलं, आणि गायमुखाच्या वळणावर उजवीकडे खाडी एकदम उघडी पडली, दुपारच्या उन्हात ताटासारखी.

"मग आई, कुठली घ्यायची?" दिपेशने मागून विचारलं. आवाजात जरा अवघडलेपण होतं. मोठी पांढरी अजून त्याच्या डोळ्यांपुढून हलली नसावी. "मोठी, की ही?"

"तुजी तू बघ. डोंगराएवढी घे नायतर डबीएवढी घे. मी हिच्या बाजूला बसनार."

"आणि बाबा?"

"मना हितं लय बेस हाय," दामाजी म्हणाला. त्याने सीट मागे झोपवायची कळ शोधून काढली होती.

"म्हणजे कल्याणला येणार तू?"

"काळ्याला फोन लाव. म्हनावं दोघी येतंय."

मेघालीने झटकन तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा रस्त्याकडे. "आई, मला मांडवात नाही हं जमणार. सगळ्यांसमोर."

"मना तरी कुठं जमत होता? पयल्या लग्नात मी दोन देव विसरलेली. सखुनं ते तिच्याच मनानं बसवलं."

मेघालीने जीभ दातांत धरली, सोडली. ती साताऱ्याकडची, वडील नोकरीला डोंबिवलीत आले म्हणून इथली झालेली. लग्नाला विरोध नव्हता कुणाचा, पण कौतुकही नव्हतं. धवले म्हणताना शेवंतीने आपले सगळे देव बोलावले होते आणि नव्या सुनेचे कोणते, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. शेवंतीलाही नाही. ते तिला आत्ता कळलं, कारण मेघालीने फार हळू, रस्त्याला विचारल्यासारखं विचारलं, "आई, माझ्या माहेरची देवी घेतली तर चालते का यात? यमाई आहे आमची."

शेवंतीला त्या देवीची एकही ओळ येत नव्हती. तिचा डोंगर कसला, तिला काय आवडतं, ती पाटावर बसते की बाजेवर, काहीच ठाऊक नव्हतं. "उचल तू," ती म्हणाली. "मी झेलतंय."

"मी? पहिलं मी?"

"तुजी देवी हाय. तुज्या तोंडून बोलव."

मेघालीने काच थोडी खाली केली. खाडीवरचा खारा वारा आत आला. तिने घसा खाकरला, सुरुवात चुकली, पुन्हा धरली, आणि साताऱ्याचे शब्द आगऱ्यांच्या चालीत कसेबसे बसवत, मधेच हसत, म्हणाली:

नवं आवतण धाडू यमाईच्या दारी गो...

आणि थांबली. शेवंती वाट बघत होती, आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने. झेलायला उभं राहिलं की छाती आपोआप रुंद होते हे तिला माहीतच नव्हतं. ओळ तयार नव्हती, तरी तिने ती म्हटली:

घाट उतरून आलीस बाय, बस माज्या शेजारी गो.